गाणाऱ्याचं पान

भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. आठव्या शतकातला हा कवी करुणरसासाठी ओळखला जातो; मला तो जवळचा वाटतो एका लहानशा उल्लेखामुळे. ‘मालतीमाधव’च्या प्रस्तावनेत सूत्रधार प्रेक्षकांना सांगतो, की या कवीची नटांशी स्वभावतःच मैत्री आहे आणि त्या मैत्रीखातर त्यानं हे नाटक आमच्या हाती सोपवलं आहे. एवढंच सांगतो आणि नाटकाकडे वळतो. पण ते सांगण्याआधी त्यानं कवीच्या कुळाची, वेदाध्ययनाची, पूर्वजांनी केलेल्या यज्ञांची ओळख करून दिलेली असते. श्रोत्रिय घराण्यातला हा पंडित आपल्या परिचयात ‘नटांचा मित्र’ ही ओळख तितक्याच अभिमानानं घालतो. आणि ही नाटकं झाली कुठं? त्याच्या तिन्ही नाटकांत कालप्रियनाथाच्या यात्रेचा उल्लेख आहे. म्हणजे देवाची जत्रा भरली आहे, लांबलांबून माणसं आली आहेत, आणि त्या गर्दीसमोर खेळ व्हायचा आहे.

जत्रेतला खेळ आम्हाला नवा नाही. भोकरदन तालुक्यातलं आमचं धावडा अजिंठ्याच्या डोंगरांना लागून आहे. मका, कापूस आणि मिरची करणारा हा मुलूख. नाट्यगृह म्हणून काही बघायचं तर जालन्याला जायचं, नाहीतर संभाजीनगरला. पण जत्रांचा हंगाम आला की या भागात कनाती लागायच्या, ढोलकीचा आवाज रात्री शिवारभर फिरायचा, आणि दिवसभर उन्हात राबलेली माणसं पहाटेपर्यंत जागायची. तेव्हा भवभूतीचं ते वाक्य वाचताना मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की खेळ संपल्यावर भवभूती कुठं जात असेल? नटांबरोबर जेवत असेल का?

प्रश्न पोरकट वाटेल. तसा तो नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कुणाकुणाचं अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे. त्यात एका ठिकाणी चोर आणि गाणारा शेजारी शेजारी बसवले आहेत. पुढं चारच श्लोकांवर नट येतो. ज्याच्या गळ्यातून देवाची कथा ऐकायची, त्याच्या घरचा घास मात्र घ्यायचा नाही. धर्मशास्त्राची ही आज्ञा किती पाळली गेली हा इतिहासकारांचा विषय. पण आपल्या गावगाड्यात नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचं बिऱ्हाड गावाबाहेर का पडायचं, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

खुद्द नाट्यशास्त्राला या दुखण्याची जाणीव आहे. पहिल्या अध्यायात नाट्याची उत्पत्ती सांगताना ब्रह्मदेव त्याला पाचवा वेद म्हणतो, इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला प्रयोग होतो, देवही पाहायला येतात. आणि ग्रंथाच्या अगदी शेवटी काय सांगितलंय? कलेच्या घमेंडीत भरताच्या पुत्रांनी ऋषींची नक्कल करणारा खेळ केला. ऋषी संतापले आणि त्यांनी शाप दिला, की तुमचं ज्ञान नष्ट होईल, तुम्ही शूद्राचाराचे व्हाल. पुढं नहुष राजानं विनंती केली, तेव्हा तेच शापित पुत्र नाटक घेऊन पृथ्वीवर उतरले. आपल्याकडे नाटक आलं ते असं, शापाच्या वाटेनं. मला या कथेत एक कबुली दिसते. नाट्याला वेद म्हणणाऱ्या समाजाला नटाला माणसात बसवता आलं नाही, आणि त्या विसंगतीचा खुलासा करायला त्यानं एक शाप शोधून काढला. दोष व्यवस्थेचा होता. तो नक्कल करणाऱ्या पोरांच्या माथी मारला गेला.

बाणभट्ट या बाबतीत वेगळा निघाला. ‘हर्षचरिता’त तो आपल्या उमेदीच्या वयातल्या सोबत्यांची नावं देतो. त्या यादीत मृदंग वाजवणारा जीमूत आहे, सोमिल आणि ग्रहादित्य हे गायक आहेत, मधुकर आणि पारावत हे बासरीवाले आहेत, शिखंडक नावाचा नट आहे, हरिणिका नावाची नर्तकी आहे. सातव्या शतकातला हा गद्यकार दरबारात मोठा झाला, सम्राटाचा चरित्रकार झाला, तरी ती नावं त्यानं गाळली नाहीत. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचतो. इतक्या जुन्या काळातल्या वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांची नावं आपल्याला किती ठाऊक आहेत?

आमच्या शेजारीच त्याचं उत्तर भिंतीवर आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचं चित्र आहे. राजा महाजनक राज्य सोडून निघायच्या बेतात आहे आणि राणी सीवली त्याला थांबवू पाहते. तिथंच एक नर्तकी नाचते आहे, लांब बाह्यांचा पोशाख, मान किंचित कललेली, आणि तिच्याभोवती बासरी, मृदंग, टाळ घेतलेल्या बायकांचा ताफा. दीड हजार वर्षांनंतरही तो ताल थांबलेला वाटत नाही. आजच्या भाषेत तो संगीत नाटकाचा एक प्रवेशच आहे. गाणं आहे, नाच आहे, आणि त्यामागं एका संसाराचा प्रश्न आहे. पण त्या नर्तकीचं नाव? चित्रासमोर ज्या बाईला उभं करून चित्रकारानं ती मान, ती कंबर टिपली असेल, तिचं नाव? सोळाव्या लेण्याचा दानकर्ता वराहदेव, वाकाटकांचा मंत्री, त्याचा लेख तिथं कोरलेला आहे. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथून दान देणाऱ्यांची नावं पार सांची आणि भारहूतच्या दगडांवर मिळतात. देणारे नावानिशी टिकले. गाणारे रंगात टिकले, नावाविना.

ही बिननावाची माणसं आपल्याला जिवंत भेटतात ती तमाशात. तमाशाची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको: गण, गौळण, बतावणी आणि मग वग. ढोलकी आणि हलगी अंगावर येतात, तुणतुण्याचा एकसुरी नाद खाली सतत चालू असतो, झिलकरी सुराची शेवटची लकेर उचलून धरतात. सोंगाड्या हजरजबाबी नसेल तर बारी पडते. या कलेला पुस्तकात जागा मिळायला फार उशीर झाला. पण नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाची सिद्धी कशी ओळखावी हे सांगताना जी लक्षणं दिली आहेत, ती मी कनातीत पाहिली आहेत. प्रेक्षक हसतात, हाय हाय करतात, वाहवा देतात, अंगावर काटा येऊन उठून उभे राहतात, अंगावरची वस्त्रं आणि बोटातल्या अंगठ्या फेकतात. आमच्याकडे त्याला दौलतजादा म्हणतात. बारा-चौदा शतकांहून अधिक काळ प्रेक्षकाचं शरीर तसंच राहिलं आहे. सुरानं हललं की त्याला काहीतरी द्यावंसं वाटतं.

आणि तरी तो देतो काय? फेकतो. हातात ठेवत नाही. दौलतजादातली नोट आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी फडाच्या बिऱ्हाडावर पोचवलेला शिधा, या दोन्हींत अंतर राखून देण्याची एकच रीत आहे. आमच्या भागातल्या कित्येक गावांत मी हे पाहिलं. रात्री जी बाई वगात राणी होती, जिच्या एका ओळीवर सगळी कनात उभी राहिली, ती सकाळी ओढ्यावर धुणं धूत असायची, आणि रात्री टाळ्या वाजवणारे तिच्यावरून नजर फिरवून पुढं जायचे. पंच पीठ द्यायचे, डाळ द्यायचे, मिरच्या द्यायचे. तीन दगडांची चूल गावाबाहेर पेटायची. देवाच्या भंडाऱ्याची पंगत उठून गेल्यावर उरलंसुरलं तिकडं जायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. महार, मांग, कोल्हाटी या जातींनी तमाशा जगवला. त्यांच्या सुरासाठी गावाची वेस उघडी होती, आणि माणसांसाठी बंद.

एका माणसानं ही वेस उलट्या दिशेनं ओलांडली. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म 1866. कुलकर्णीपण सोडून ते तमाशाच्या फडात गेले, नर्तकी पवळाबरोबर त्यांनी महाराष्ट्र वेडा केला. ज्या पंगतीत जन्मलो ती सोडली आणि जिच्याबरोबर गायलो तिच्या पंगतीला बसलो, असा तो हिशेब. 1945 साली विपन्नावस्थेत ते गेले. त्यांच्याविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा इथंच थांबतो, डोळे पुसतो. पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. बापूरावांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीला तमाशाच्या खेळांचे पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या समाजाच्या बायकांना बोर्डावर नाचवून उभा राहिलेला पैसा त्यांना नको होता. मला हा नकार भवभूतीच्या मैत्रीइतकाच महत्त्वाचा वाटतो. कलावंतावर प्रेम असणं पुरेसं नाही. ते प्रेम कुणाच्या जिवावर चाललं आहे, हे विचारणाराही लागतो. बापूरावांचं प्रेम खोटं नव्हतं, आणि बाबासाहेबांचा नकारही कठोरपणातून आलेला नव्हता. दोघांनाही पवळा माणूस म्हणून दिसत होती. दोघांचे मार्ग वेगळे होते.

शहरातल्या संगीत रंगभूमीचा मान निराळा होता. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात 31 ऑक्टोबर 1880 ला आलं, तेव्हापासून पदं घराघरांत गेली, नटांना राजाश्रय मिळाला, फोटो भिंतीवर लागले. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबई-पुण्याच्या त्या वैभवाची ऊब आमच्या खेड्यांपर्यंत फारशी पोचली नाही. आमचं संगीत नाटक म्हणजे तमाशा, भारूड, गोंधळ, आणि पुढं जलसा.

पण दोन्हीकडच्या नटाला जे मोजावं लागतं ते सारखंच. मार्च 1911 मध्ये ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता, त्या दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. तरीही ते उभे राहिले, गायले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट नेमकी उलटी. भरल्या दिवसांची बाई बोर्डावर नाचत होती, मध्येच कळा सुरू झाल्या, पडद्यामागं जाऊन ती बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांसमोर आली. एकीकडे मरण, एकीकडे जन्म, मध्ये एक पडदा, आणि पलीकडे तिकीट काढून बसलेले आपण. विठाबाईंना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. 2002 साली त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या दवाखान्याच्या खर्चासाठी मदतीचे हात शोधावे लागले होते. आता त्यांच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. द्यावाच. पण पुरस्कार म्हणजे सन्मानानं केलेला दौलतजादाच राहणार असेल, आणि कलावंताच्या म्हातारपणाची, औषधाची, पोरांच्या शाळेची गोष्ट पुन्हा वेशीबाहेरच राहणार असेल, तर मग आपण अजून मनूच्याच यादीत आहोत.

हे सगळं डोक्यात घोळत असताना एका हिवाळ्यात आम्ही गावातली मंडळी जीप करून शहरात एक नाटक पाहायला गेलो. ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. 2012 साली ते रंगमंचावर आलं होतं आणि त्याची चर्चा आमच्यापर्यंत आधीच पोचली होती, त्याला कारणही होतं. नाटक लिहिणारे राजकुमार तांगडे आमच्याच जिल्ह्यातल्या जांब समर्थचे, समर्थ रामदासांच्या जन्मगावचे, शेती करणारे. वीजचोरीवरचं त्यांचं ‘आकडा’ आधी गाजलं होतं. तारेवर आकडा टाकून मोटार चालवणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. या नाटकाची कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. आणि रंगमंचावर जी पोरं होती त्यांतली बरीचशी जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेली. संभाजी तांगडे, कैलास वाघमारे ही नावं आज महाराष्ट्राला माहीत आहेत.

गोष्ट अशी, की यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो. राजे निघतात, पण त्यांची पगडी, म्हणजे त्यांचा विचार, इथंच राहते. मग त्या पगडीत नीट बसेल असं डोकं शोधत यम भीमनगर मोहल्ल्यात फिरतो. ती पगडी डोक्यावर मिरवायला सगळे तयार असतात, पेलायला कुणी नसतो. हे सगळं गाण्यातून, पोवाड्यातून, सवाल-जवाबातून. 

मला त्या रात्री जाणवलं ते हे, की इथं गाणं गोष्टीच्या अंगावरचा दागिना म्हणून आलेलं नाही. वाद गाण्यातच चालला आहे. ही रीत जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी 1869 साली शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला, तेव्हा त्यांनी इतिहासाचा वाद दरबारी बखरीतून काढून डफाच्या थापेवर आणला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी 1944 मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाचं लोकनाट्य करताना अण्णाभाऊंनी गणातलं नमन बदललं, गौळण काढून टाकली. जिथं बाईला अडवून तिची थट्टा व्हायची ती जागाच त्यांनी मोडली. आंबेडकरी जलशांनीही तेच केलं. बाबासाहेबांनी त्या पैशाला दिलेल्या नकारातून पुढं काय उगवलं, ते मला इथं दिसतं. फडात ज्यांना नाचवलं गेलं, त्यांच्याच घरची पोरं डफ हातात घेऊन प्रश्न विचारायला उभी राहिली. भगतांचा आवाज त्याच परंपरेतला. तो वरच्या पट्टीत चढतो तेव्हा त्यात गोडवा शोधायला जाऊ नये. त्यात रस्त्याची धूळ आहे आणि ती तिथं असायलाच हवी.

आणि बोली! रंगमंचावर आमची भाषा होती. नाटकात खेडवळ नोकर जी तोडकीमोडकी भाषा बोलतो ती ही नव्हती. विचार करणारी, राजाविषयी बोलणारी, यमाला उलट प्रश्न विचारणारी आमची जालन्याकडची भाषा होती. माझ्या शेजारी आमच्या गावचा एक गडी बसला होता, साठीचा, आयुष्यभर फक्त तमाशा पाहिलेला. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं दोनदा माझ्याकडं वळून पाहिलं. आपण ऐकतोय ते खरं आहे ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. मध्यंतरानंतर तो वळला नाही. त्याला माझी गरज उरली नव्हती.

पडदा पडल्यावर रंगपटात जायचं ठरलं. नाटक पाहून नटाला भेटायला जाण्यात एक भीती असते. आतला माणूस लहान निघाला तर? रंग पुसल्यावर तिथं कुणीच नसेल तर? रसिकांपैकी पुष्कळ जण या भीतीपोटीच आत जात नाहीत, आणि त्याला सौंदर्यदृष्टीचं नाव देतात. अभिनवगुप्तानं रसाची जी चर्चा केली आहे तिचा आधारही मिळतो. प्रेक्षकाला रामही दिसत नाही, नटही दिसत नाही, दोन्हींच्या पलीकडचं काहीतरी अनुभवाला येतं, मग त्या नटाला भेटून करायचं काय? युक्तिवाद सुंदर आहे आणि रसाच्या क्षणापुरता तो खराही आहे. पण रसाचा क्षण संपतो. त्यानंतर एक घामाघूम, भुकेला माणूस आरशासमोर बसलेला असतो. त्याला न भेटता घरी जाणं हे आमच्या ओढ्यावरून नजर फिरवून पुढं जाण्याहून किती वेगळं आहे?

आम्ही आत गेलो. खोली लहान, दिवे फार. खोबरेल तेलाचा, घामाचा, पावडरीचा मिळून एक वास. कुणी कानामागचा रंग टॉवेलानं पुसत होतं, कुणी पोशाख मोजून पेटीत ठेवत होतं, कुणी ढोलकी उतरवत होतं. यमाची आणि मोहल्ल्यातल्या माणसांची वस्त्रं एकाच दोरीवर टांगलेली. आम्ही दारातच घुटमळलो. काय बोलायचं ते आधी ठरवलं होतं, ते आठवेना. तेवढ्यात त्यांच्यातल्याच एकानं विचारलं, “कोन्त्या गावचे तुमी?”

“धावड्याचे. भोकरदन तालुका.”

बस्स. मग नाटकावरचं बोलणं बाजूलाच राहिलं. तुमच्याकडं पाऊस झाला का, मका कसा आला, कापसाला भाव काय, डोंगराकडची रानडुकरं अजून त्रास देतात का. रंगमंचावर दोन-अडीच तास ज्यानं आम्हाला इतिहास विचारला, तोच आता विहिरीला पाणी किती पुरतं ते विचारत होता, आणि दोन्ही प्रश्नांतली तळमळ एकच होती. आमच्या त्या साठीच्या गड्यानं तिथं तोंड उघडलं. तो म्हणाला, आमच्याकडं फड यायचे तेव्हा मी रात्ररात्र बसायचो, पन कधी त्यांच्या बिऱ्हाडात गेलो नाही. एवढं बोलून तो गप्प झाला. कुणी त्याला काही म्हणालं नाही. ढोलकीवाल्यानं नुसती मान हलवली आणि सरकून बाकावर जागा केली.

त्यांचं जेवण आलं. भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. प्रयोगानंतर नट जेवतात हे मला माहीत होतं; कसे जेवतात ते त्या रात्री कळलं. फार वेगानं नाही, बोलतही नाहीत फारसे. गळा शांत होत असतो. आम्ही निघायला लागलो तर त्यांनी थांबवलं. बसा, म्हणाले, आहे त्यात होईल. आणि आम्ही बसलो. पेटाऱ्यांवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर भाकरी. ज्या अन्नावर मनूनं बोट ठेवलं होतं, ते अन्न आम्ही नटाच्या हातून घेतलं, आणि जातीपातीचा कुणी कुणाला प्रश्न विचारला नाही. त्या साठीच्या गड्यानं ठेचा दुसऱ्यांदा मागून घेतला. मला तिथं बसल्या बसल्या जीमूत आठवला, सोमिल आठवला. बाणभट्टाला त्यांची नावं लक्षात का राहिली असतील, हे मला त्या वर्तमानपत्राच्या पंगतीत समजलं. तो त्यांच्याबरोबर जेवला असणार. ज्याच्याबरोबर आपण जेवलो त्याचं नाव विसरता येत नाही. नुसतं ज्याला ऐकलं, त्याचं येतं.

म्हणून मला वाटतं, जत्रांच्या पंचमंडळींनी, नाट्यगृहं चालवणाऱ्यांनी, पुरस्कार देणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्यांदा ठरवावी: खेळ संपल्यावर ही माणसं कुठं जेवणार, कुठं झोपणार, त्यांच्या बायकांना अंघोळीला आडोसा कुठं मिळणार. फडाला सुपारी देताना रकमेची घासाघीस तासभर चालते. या गोष्टींबद्दल कुणी शब्द काढत नाही. नारायणगावला हंगामाच्या तोंडावर राहुट्या लागतात, गावोगावचे लोक तिथं जाऊन खेळ ठरवतात, तारखा मिळवतात. त्या बोलणीत फडाचं बिऱ्हाड गावात राहील, गावातल्या घरांत राहील, एवढं एक कलम घालायला काय हरकत आहे? त्याला पैसा लागत नाही. आपल्या उंबऱ्याच्या आत एक पान जास्त मांडावं लागतं.

हे सगळं मी त्या रात्री बोलून दाखवलं नाही. दुसरंच घडलं. हात धुताना त्यांच्यातल्या एकानं सहज विचारलं, धावड्यात प्रयोग करायचा झाला तर जागा आहे का? आम्ही शाळेचं पटांगण सांगितलं. केवढं? आमच्यातल्या एकानं पावलं टाकून दाखवलं. लाइट किती वाजता जाते ते विचारलं, जनरेटर कुठून येईल ते विचारलं. सामानाचा टेम्पो भोकरदनवरून आणायचा की अजिंठ्याकडून, यावर दोघांचं एकमत होईना. मग त्यानं शेवटचं विचारलं, की आम्ही पंधरा-वीस माणसं, त्यात बायका, मुक्काम कुठं करायचा? आमच्यातल्या तिघांनी एकदम आपापलं घर सांगितलं, आणि साठीचा तो गडी म्हणाला, समदे माझ्याकडं, जागा कमी पडली तर पोरं गच्चीवर झोपतील.